दुसऱ्या ओबोच्या अकरा जागा

विमानतळावरच्या पहिल्याच तपासणीत माझी सुरी गेली. ओबोचं रीड, म्हणजे तोंडात धरून फुंकायची वेताची पाती, तासायची सुरी, करंगळीएवढ्या पात्याची, फौजेच्या बँडात असल्यापासून माझ्याजवळ होती. ती मी हातातल्या पिशवीत ठेवली, कारण दुबईतल्या माझ्या मुलाने, नेल्सनने, फोनवर तीनदा बजावलं होतं की मोलाचं सामान मोठ्या बॅगेत टाकू नका. तपासणीच्या बाईंनी सुरी उजेडात धरून विचारलं, “अंकल, ये क्या है?”

“बेटी, इससे बाजा बनता है.”

“चाकू से?” त्या हसल्या आणि सुरी प्लास्टिकच्या डब्यात टाकून दिली. डब्यात आधीच दोन कात्र्या आणि एक लोणच्याची बरणी होती.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचे दहा दिवस याच चालीने गेले. मी काहीतरी नीट सांगायला जायचो आणि समोरचं माणूस हसून ते डब्यात टाकायचं.

परत आल्यावर लोक विचारतात, ती उंच इमारत पाहिली का, वाळवंटात गेलास का. इमारत मोटारीतून पाहिली, वाळवंट पाहिलं नाही. मी गेलो होतो ते एका कागदावरचं माझं नाव खोडायला. वसईतल्या जुन्या मंडळींना आठवत असेल, आम्ही चर्चच्या हॉलमध्ये एक सोनाटा वाजवला होता. दोन ओबो आणि एक बसून. ओबो म्हणजे सनईच्या घराण्यातलंच वाद्य, तसंच दुहेरी पातीचं, पण आवाज नाकातला आणि गंभीर. बसून म्हणजे त्याचा ढोल्या आवाजाचा काका. रचना तीनशे वर्षांपूर्वीची, जर्मनीतल्या कुठल्याशा दरबारातल्या वादकाची. नाव असलेलं पानच गेलं होतं. आमच्या गावच्या परदेशी फादरच्या मृत्यूनंतर त्यांच्या पेटीत ते बाड मिळालं, तेव्हा पहिला ओबो आणि बसून यांचे कागद धड होते. दुसऱ्या ओबोचे वाळवीने खाल्ले होते, वरचं एक पान सोडून.

तो हरवलेला दुसरा ओबो कुणी लिहिला? चाळीस वर्षं सगळे समजतात की मी, बस्त्यावने. छापूनही आलं. त्याच्या जोरावर मला संगीतशाळेत नोकरी मिळाली, आणि ‘मास्तर’ म्हणवून घेत मी म्हातारा झालो.

तो इनासने लिहिला. इनास माझा बँडातला जोडीदार, दुसऱ्या खुर्चीवर बसणारा. एका उपवासकाळात, चाळीस दिवसांत, त्याने पेन्सिलीने तो लिहून काढला आणि कार्यक्रमाच्या आधीच शारजाला स्टोअरकीपरच्या नोकरीवर निघून गेला. मी पक्की प्रत करायला बसलो. तिसऱ्या, संथ भागात नऊ ठिकाणी मला त्याचे स्वर चुकलेले वाटले. दोन्ही ओबो शेजारशेजारच्या स्वरांवर येऊन एकमेकांना घासत होते. घाईत चुकला असेल म्हणून मी ते गोड केले. नऊ चुका सुधारल्यावर वाटायला लागलं की काम अर्धं आपलंच आहे. मग वर नाव लिहिताना हात आपोआप स्वतःच्या नावाकडे वळला. पेन्सिलीचे कागद मी आंघोळीच्या बंबात घातले. हे शेवटचं वाक्य मी दुबईला जाईपर्यंत कबुलीच्या वेळी फादरलासुद्धा सांगितलेलं नव्हतं.

जुमेरा लेक टॉवर्स

नेल्सनचं घर एकतिसाव्या मजल्यावर. खिडकी उघडत नाही. खाली तळं आहे, पण ते बघायला कपाळ काचेला टेकवावं लागतं, आणि टेकवलं की सून म्हणते, “डॅडी, काल कामवालीनं काच पुसलीय.” मी वसईहून सुकेळी नेली होती, आमची उन्हात वाळवलेली केळी, दोन किलो. नातीने, मेलिसाने, एक उचलून विचारलं, “ग्रँडपा, इज इट सपोज्ड टू बी ब्लॅक?”

मेलिसा सोळा वर्षांची. ती ओबो वाजवते, ही माझ्या घरातली एकमेव गोष्ट जी मी कुणाला सांगितल्याशिवाय राहत नाही. तिच्या शिक्षिकेला माझ्या प्रतीची झेरॉक्स मिळाली आणि ठरलं की शुक्रवारी शाळेच्या हॉलमध्ये हा सोनाटा वाजणार. मेलिसा दुसरा ओबो वाजवणार. आणि अखेरीला माझा सत्कार. तो नेल्सनचा उद्योग. त्याने आखाती मुलखातले निम्मे वसईकर बोलावले होते.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला मी विषय काढला. “नेल्सन, तो दुसऱ्या ओबोचा भाग मी लिहिलेला नाही.”

“म्हणजे?”

“इनासने लिहिला. मी नाव माझं घातलं.”

नेल्सन अंड्यावर मिरपूड घालत होता, घालतच राहिला. “डॅडी, बॅनर छापून झालाय.”

“बॅनरचं काय घेऊन बसलास?”

“प्रोग्रॅम कार्ड पण झालीत. तुम्ही दोघांनी मिळून केलं असेल ना? तसं म्हणू. मी स्पीचमध्ये ॲड करतो, इनासअंकलच्या हेल्पने.”

“हेल्पने नाही रे. त्याने लिहिलं आणि मी नाव घातलं.”

“ओके ओके. बीपीची गोळी घेतली का तुम्ही?”

मेलिसाने कानातला इअरफोन काढला आणि माझ्याकडे पाहिलं. “वेट, सो यू कॉपीड?”

“होय.”

“लाइक, प्लेजियराइज्ड?”

“मेलिसा, यल्ला, चल लवकर, बस येईल,” सून म्हणाली, आणि विषय खलास.

डीआयपी

मंगळवारी तालीम. शाळा दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात. नावात पार्क आहे म्हणून मी झाडांची अपेक्षा केली आणि चारी बाजूंना कारखाने, गोदामं आणि कामगारांच्या इमारती निघाल्या. बाहेर ऑक्टोबरची वाफ, आत बर्फाचं घर. मोटारीतून उतरलो की चष्म्यावर धुकं, हॉलमध्ये शिरलो की दातावर दात. वाद्यांचेही तेच हाल. लाकडी ओबो अशा हवेत तडकतो. शिक्षिका तमाराबाई जॉर्जियाच्या, पहिला ओबो त्याच वाजवणार होत्या. त्यांनी ओबोच्या पेटीत संत्र्याच्या साली ठेवल्या होत्या, ओल टिकावी म्हणून. पेटी उघडली की हॉलभर संत्र्याचा वास. आमच्याकडे पावसाळ्यात आम्ही उलट वाद्यं सुकवायला धडपडायचो, तांदळाच्या डब्याशेजारी ठेवायचो. मी म्हटलं, असं एखादं गाव असेल का जिथे ओबो आपणहून बरा राहतो. तमाराबाई म्हणाल्या, असेल तर तिथे नोकरी नसेल.

बसूनवर रोमेल नावाचे फिलिपिनो गृहस्थ. जवळच्याच कारखान्यात सुपरवायझर, युनिफॉर्मवरच आले होते. मी काहीही विचारलं की म्हणायचे, “इन्शाल्ला, सर.” तुमचं रीड फार जाड आहे, तासून घ्या. “इन्शाल्ला, सर.” तालीम वेळेवर सुरू होईल का? “इन्शाल्ला, सर.” तालीम संपेपर्यंत मला कळलं की याचा अर्थ नाही असा घ्यायचा असतो.

मग वाजवायला लागले. पहिले दोन भाग सुरेख. दोन ओबो एकाच सुरावटीवरून मागेपुढे पळतात, कोण वर कोण खाली कळत नाही. ते इनासचं कौशल्य. मूळ रचनाकाराची उरलेली सुरावट आणि इनासची सुरावट यांत सांधा दिसत नाही. मग तिसरा भाग आला. संथ. आणि गोड. गोड, गोड, गोड. मेलिसाने मध्येच ओबो खाली ठेवला.

“मिस, धिस पार्ट इज सो बोरिंग. इट्स लाइक अ चर्च हिम.”

तमाराबाईंनी मान हलवली. त्या वळून मला इंग्रजीत म्हणाल्या, “मास्टर, मला बरेच दिवस विचारायचं होतं. इथे पहिला ओबो आणि बसून दोघेही घर्षण मागतात. कान तयार होतो आणि मग काहीच होत नाही. इतका हुशार माणूस नेमका इथेच का घाबरला?”

मी उभा राहून, तुटक इंग्रजीत, सगळं सांगितलं. हुशार माणूस वेगळा, घाबरलेला माणूस वेगळा. एकाने लिहिलं, दुसऱ्याने बिघडवलं आणि नाव लावलं. दुसरा मी.

तमाराबाईंनी छातीवर हात ठेवला. “सो हंबल!” त्या रोमेलला म्हणाल्या. “जुन्या पिढीचे लोक असेच असतात.”

“व्हेरी हंबल, सर,” रोमेल म्हणाले.

मला मोठ्याने ओरडावंसं वाटलं. माणूस खोटं बोलला तर जग डोळे झाकून विश्वास ठेवतं. खरं बोलायला गेला तर त्याच्या नम्रतेचं कौतुक होतं. चाळीस वर्षांपूर्वी मी हॉलमध्ये उभा राहून ‘होय, मीच लिहिलं’ म्हणालो, तेव्हा एकानेही पुरावा मागितला नव्हता.

शारजा, बुधवार

इनास शारजात मुलीकडे राहतो. त्याची फिलू हमरिया फ्री झोनमधल्या एका कंपनीत हिशेब बघते. बुधवारी ती अर्धा दिवस रजा घेणार होती. नेल्सनने मला सोडायचं कबूल केलं आणि वाटेतल्या रहदारीत दोन तास त्याचं बोलणं ऐकवलं. शारजाला कुणी कामाच्या दिवशी जातं का, इनासअंकलला व्हॉइस मेसेज पाठवला असता तर चाललं नसतं का. मध्ये एका टपरीवजा हॉटेलासमोर गाडी उभी करून त्याने हॉर्न वाजवला. म्हटलं, कुणाला बोलावतोस? तर चहा मागवायची ही रीत. हॉर्न दाबायचा, पोऱ्या नव्हे चांगला मिशीवाला माणूस धावत येतो, कागदी पेल्यात दाट वेलचीचा चहा खिडकीतून देतो. आजूबाजूला पाच-सहा गाड्या, प्रत्येकीचा सूर वेगळा, एकही दुसरीशी जुळत नाही. आमच्याकडे असं कुणी केलं असतं तर चहावाल्याने पेला गाडीवरच ओतला असता. चहा मात्र फक्कड होता.

फिलूने दार उघडलं. घरात कोळंबीच्या सुक्याचा वास. “या बस्त्यावकाका. पप्पा सकाळपासून दाढी करून बसलेत, पण म्हणू नका मी सांगितलं.”

इनास खिडकीपाशी खुर्चीत. ऐंशी वर्षांचा, दात गेलेले, पायांवर चादर. वाद्य सुटून पंधरा वर्षं झाली, दम्यामुळे. मला पाहून म्हणाला, “सुकेळी आणलीस?”

आणली होती. तो एक तोंडात टाकून चघळत बसला. मी समोर बसलो आणि वाटेत दोन तास घोकलेलं वाक्य म्हणालो. “इनास, तुझा दुसरा ओबो मी माझ्या नावावर लावला.”

“ठाऊक आहे.”

“कधीपासून?”

“त्याच नाताळला. फिलूच्या आईने कार्यक्रमाची कॅसेट पाठवली होती, करंज्यांच्या डब्यातून. सोबत पेपरातलं कात्रण.” त्याने सुकेळीचं काहीतरी बोटाने दातांतून काढायचा प्रयत्न केला, दात नव्हते तरी. “कात्रण मी दोनदा वाचलं. कॅसेट किती वेळा ऐकली असेल सांग.”

“किती?”

“एकदा. तिसऱ्या भागापर्यंत. मग बंद केली.”

फिलू चहा घेऊन आली होती, ती तशीच उभी राहिली.

“नाव घेतलंस ते घेतलंस,” इनास म्हणाला. “मी इथे गोदामात सिमेंटच्या गोण्या मोजत होतो, नावाचं काय करणार होतो? पण तू ते गुळगुळीत का केलंस, बस्त्या? अकरा ठिकाणी!”

“नऊ.”

“अकरा! मी लिहिलंय का तू?”



“मला वाटलं तुझी चूक झालीय,” मी म्हणालो. “घासत होते स्वर.”

“घासायलाच लिहिले होते ना रे गाढवा! फादरच्या पेटीतल्या त्या एका पानावर बघायचं होतंस. तिथे पहिल्याच ओळीत दोनदा घासतात. त्या दरबारातल्या माणसाने लिहिलं ते बरोबर आणि इनासने लिहिलं ती चूक?” त्याला खोकला आला. फिलूने पाणी दिलं. पाणी पिऊन तो परत सुरू झाला. “दर मे महिन्यात सुट्टीला यायचो. तुझ्या ओट्यावर बसायचो. वाटायचं, आज विचारेल, इनास, तू हे असं का लिहिलं होतंस. तू काय सांगायचास? बोंबील वाळले का नाही ते.”

हे खरं आहे. मी दर वर्षी बोंबलांबद्दल बोललो.

“शुक्रवारी ये, माझी नात तुझा भाग वाजवतेय,” मी म्हणालो. “मी सगळ्यांसमोर सांगणार आहे.”

“काय ऐकायला येऊ? गोड गोड?” त्याने चादर ओढून घेतली. “तुला सांगायचंय म्हणून मी येऊ होय? आधी जागा नीट कर. मग बघू.”

“कागद नाहीत, इनास. तुझे कागद मी जाळले.”

फिलूने कप खाली ठेवला. इनासने पायांवरची चादर बाजूला सारली. मी म्हटलं, आता हाकलून देईल. तो म्हणाला, “कागद कशाला हवेत? पोरीला उद्या घेऊन ये. आणि येताना ती रबरवाली पेन्सिल आण, इथे सगळी पेनं.”

शारजा, गुरुवार

घरी हलकल्लोळ. नेल्सन म्हणाला, उद्या कार्यक्रम आणि आज अकरा ठिकाणी बदल, हे कुठल्या कंपनीत चालतं? तमाराबाईंना फोन लावला, त्यांनी विचारलं, “घर्षण परत येणार?” आणि पुढचं ऐकायच्या आधीच हो म्हणून टाकलं. सून म्हणाली, मुलीला परीक्षा आहे. मेलिसा तोवर पायात बूट घालून दारात उभी होती. “डॅड, कॅन वी गो? फायनली समथिंग इंटरेस्टिंग.”

फिलूने सकाळीच मैद्याचे गोल फुगे तळून ठेवले होते, वसईच्या लग्नात असतात तसे, आणि कोळंबीचं इंदेल, आमचं आंबट-तिखट कालवण. खिडकी बंद, पंखा चालू, तरी वरच्या मजल्यावरून कुणीतरी फोन करून वासाची तक्रार केली. “दर रविवारी करतात,” ती म्हणाली. “त्यांचा बिर्याणीचा वास मी गपगुमान घेते.” मेलिसाने चार फुगे खाल्ले. सुकेळी तिने पुन्हा नाकारली.

मग बसलो. मेलिसाच्या मांडीवर माझी जुनी प्रत, हातात पेन्सिल. इनासला वाजवता येत नाही, मलाही आता दोन मिनिटांपलीकडे श्वास पुरत नाही. म्हणून ठरलं, मी पहिला ओबो गाणार, तो दुसरा, आणि जिथे माझी प्रत चुकेल तिथे ती खूण करणार. दोन म्हातारे, एकाला दात नाहीत, दुसऱ्याला आवाज नाही.

पहिल्याच जागेला अडलो. इनास ‘ला’ धरून होता, म्हणजे आपला धैवत. मी वरून ‘सी’वर आलो, निषादावर. दोघे शेजारशेजारी, कानात करवत. माझा आवाज आपोआप वर सरकला, पुढच्या स्वरावर, जिथे गोड लागतं तिथे.

इनासने माझ्या गुडघ्यावर थाप मारली. “हललास!”

“तू खाली उतर ना मग.”

“उतरणार आहे. पण तू आल्याआल्या नाही. तू ‘सी’वर येऊन बसायचंस. मी ‘ला’ सोडायचा नाही. घासू दे. लोकांना वाटू दे चुकलं. मग मी एक पायरी उतरेन, ‘सोल’वर, माझ्या वेळेला. तेव्हा ते गोड लागेल. तू काय केलंस? तू आलास की लगेच मला खाली पाठवून दिलंस.”

मेलिसा हसत होती, पण पेन्सिल चालू होती. पुन्हा गायलो. मी पुन्हा हललो. तो पुन्हा खेकसला, “अरे माणसा, एक ठोका दम धर!” फिलू स्वयंपाकघरातून बाहेर आली. “काय भांडताय दोघं? शेजाऱ्यांना वासाची तक्रार कमी होती म्हणून?”

चौथ्या खेपेला मी डोळे मिटले आणि ‘सी’वर बसून राहिलो. त्याचा ‘ला’ फाटका, दम्याने शिट्टी मारणारा, माझ्या आवाजाला खालून टेकलेला. फार वाईट वाटत होतं कानाला. सोडावंसं वाटत होतं. मग तो उतरला.

मेलिसा म्हणाली, “ओह.” आणि खूण केली.

अकरा जागा भरायला तीन तास लागले. मी नऊ म्हणत आलो होतो. दोन मी सुधारल्याचं विसरूनच गेलो होतो. चोरलेलं किती ते चोरालाही धड ठाऊक नव्हतं.

निघताना इनास मेलिसाला म्हणाला, “उद्या बोटं जुन्या सवयीने जातील हां. सांभाळ.”

“आय विल, इनासअंकल.”

“मराठीत बोल की.”

तिने विचार केला. “सांभाळते,” ती म्हणाली.

पुन्हा डीआयपी

शुक्रवारी इनास आला. फिलूने त्याला सूट घातला होता, त्यात तो हरवला होता. व्हीलचेअर पहिल्या रांगेच्या कडेला लावली. बसल्याबसल्या म्हणाला, “एसी बंद करायला सांग.” मी जाऊन सांगितलं. हॉलचा माणूस म्हणाला, सेंट्रल आहे, हबीबी, होणार नाही. मागे बॅनर, त्यावर माझा फोटो आणि माझं नाव, दाराएवढं.

वाजवायच्या आधीच सत्कार करा, असा हट्ट मी धरला होता. नेल्सनला ते आवडलं नव्हतं, पण मी बीपीचं नाव काढलं. मला व्यासपीठावर नेऊन शाल घातली, हातात पुष्पगुच्छ दिला. मी माइक घेतला.

“आता जे ऐकाल त्यातला दुसरा ओबो मी लिहिलेला नाही. माझा मित्र इनास याने लिहिला. मी त्याचं नाव काढून माझं घातलं, त्याचे कागद जाळले, आणि त्या जोरावर नोकरी मिळवली. हे नम्रता म्हणून सांगत नाही. हे झालेलं आहे.”

मग कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळा हॉल टाळ्या वाजवू लागला. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे पुसले. “काय मन आहे!” त्या म्हणाल्या. मी माइकवर पुन्हा म्हणालो, “टाळ्या वाजवू नका,” तर टाळ्या वाढल्या. फक्त नेल्सनने वाजवल्या नाहीत. तो कडेला उभा होता, खाली बघत. त्याला समजलं होतं. अख्ख्या हॉलमध्ये एका माणसाला समजलं आणि नेमकं त्याचं तोंड मला बघवेना.

मी पायऱ्या उतरलो, शाल काढली आणि इनासच्या खांद्यांवर घातली.

“बरं केलंस,” तो म्हणाला. “गारठलो होतो.”

मी त्याच्या शेजारी बसलो. तिघे आले. रोमेल चक्क वेळेवर होते आणि रीड तासलेलं होतं. पहिला भाग, दुसरा भाग. मग तिसरा. इनासने हात शालीबाहेर काढून मांडीवर ठेवला, मूठ मिटलेली.

पहिली जागा आली. तमाराबाई वरून आल्या, मेलिसा आपल्या स्वरावर थांबून राहिली. हॉलमध्ये करवत चालली. माझ्या मागे एक माणूस बायकोला हळूच म्हणाला, “पोरगी चुकली वाटतं.”

मी वळलो. “चुकलेली नाही. असंच आहे ते.”

तोवर मेलिसा उतरली होती. इनासने एक बोट उघडलं.

दोन. तीन. एका हाताची बोटं संपली, दुसरा हात बाहेर आला. कुठेही ती घाई करत नव्हती. मागचा माणूस गप्प झाला होता. दहाव्या जागेला इनासच्या दोन्ही हातांची सगळी बोटं उघडी होती आणि अकराव्यासाठी बोट उरलं नव्हतं. त्याने माझा हात घेतला. अकरावी जागा आली आणि मेलिसाची बोटं दोन महिन्यांच्या सवयीने गेली. ती आल्याबरोबर उतरली. गोड लागलं. हॉलमध्ये कुणालाच काही कळलं नाही.

इनासने माझा हात सोडला. “दहा,” तो म्हणाला. “ती तुझी राहिली.”

मेलिसा व्यासपीठावरून आमच्याकडेच बघत होती, ओठ चावत.

परतीच्या वाटेवर नेल्सनने गाडीतला रेडिओ बंद केला. मग म्हणाला, “कागद खरंच जाळले तुम्ही?” म्हटलं, होय. बॅनर डिकीत होता, गुंडाळलेला. त्याचं काय केलं ते माहीत नाही.

वसईला येऊन तीन आठवडे झाले. तिथून व्हॉट्सॲपवर फोन लागत नाही, फक्त मेसेज येतात. गेल्या रविवारी फिलूच्या नंबरवरून एक आला, पंधरा सेकंदांचा. आधी मागे भांड्यांचा आवाज. मग इनासचा फाटका गळा, ‘सी’वर येऊन बसलेला, माझ्या जागी. त्याच्याखाली मेलिसाचा ओबो, ‘ला’ धरून. दोघे घासत राहिले, मला वाटलं त्याचा दम सुटणार. मग ओबो एक पायरी उतरला. खोकला. आणि इनास म्हणाला, “अकरा. आता लिही.”

म्हणून लिहिलं. ज्यांच्याकडे माझ्या अक्षरातली जुनी प्रत असेल, वसईत, मुंबईत, गोव्यात, कुठेही, त्यांनी पहिल्या पानावरचं माझं नाव खोडून इनासचं लिहावं. नवी प्रत मी तयार केली आहे, मागेल त्याला देईन. ती मिळेपर्यंत तिसऱ्या भागात एवढं करा. जिथे पहिला ओबो वरून येतो आणि दुसरा लगेच खाली सरकतो, तिथे दुसऱ्याला थांबू द्या. पहिल्याने हलू नये. त्याने नुसतं तिथे बसून राहावं, कितीही वाईट वाटलं तरी. दुसरा आपल्या वेळेला उतरतो.